कडक हात आणि हळवे मूल

घरात एखादे मूल फार तापट, फार हळवे निघाले की आपल्याकडे निदान ठरलेले असते: लाडाने डोक्यावर बसले आहे. उपायही ठरलेला: दोन धपाटे द्या, सुतासारखे सरळ होईल. हे मत अडाण्यांचे नाही. सुशिक्षित आजी-आजोबा, अनुभवी शिक्षिका, चार मुले वाढवलेल्या आत्याबाई ते मनापासून मांडतात. त्यामुळे त्याची टवाळी करून भागणार नाही. त्याचा समाचार पुराव्यानेच घेतला पाहिजे.

आधी पूर्वपक्ष. त्याचे मुद्दे चार. एक, स्वभाव वळणाने घडतो; मूल आक्रस्ताळे आहे, अर्थात वळण चुकले. दोन, धाकाशिवाय शिस्त नाही. आम्ही मार खाल्ला, आमचे काय बिघडले? तीन, कलाने घेतले की मूल आणखी शेफारते. चार, बाहेरचे जग कुणाचा हळवेपणा जपत बसत नाही. तेव्हा घरातच त्याला टणक करा. यातला एकही मुद्दा दुष्टपणाचा नाही. चारही मुद्द्यांच्या मुळाशी मुलाची काळजीच आहे. पण काळजी खरी असली म्हणून निदान खरे ठरत नाही.

पहिला मुद्दा घेऊ. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने एक अभ्यास हाती घेतला आणि त्यात १३३ मुलांचा तान्हेपणापासून थेट प्रौढपणापर्यंत पाठपुरावा केला. त्या काळी तिथेही मुलाच्या प्रत्येक दोषाचे खापर आईच्या माथी फुटत असे. या दोघांना मात्र दिसले ते असे की प्रतिक्रियेचा जोर किती, आवाज-स्पर्श-उजेड किती लवकर खुपतो, बदल अंगवळणी पडायला किती वेळ लागतो, अशा नऊ बाबतींत बाळे पहिल्या काही महिन्यांतच एकमेकांहून निराळी असतात. सुमारे ४० टक्के सांभाळायला सोपी, १५ टक्के सावकाश रुळणारी, १० टक्के अवघड. उरलेली कोणत्याच गटात नीट न बसणारी. पुढे हार्वर्डमध्ये जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, अल्कोहोलचा कापूस नाकाशी नेला. सुमारे २० टक्के बाळांनी हातपाय झाडले, पाठीची कमान केली, भोकाड पसरले. त्यांतली पुष्कळ पुढे नवख्या माणसांना आणि जागांना बुजणारी निघाली.

चार महिन्यांच्या बाळाला कोणी आणि कधी लाडावून ठेवले? एकाच आईच्या हातची दोन लेकरे; एक कुकरच्या शिट्ट्यांत गाढ झोपते, दुसरे पहिल्याच शिट्टीला दचकून अर्धा तास रडते. वळण एकच, मग हा फरक आला कुठून? पहिला मुद्दा इथेच कोसळतो.

दुसरा मुद्दा धाकाचा. ‘आमचे काय बिघडले’ हा दाखला कोण देतो? ज्यांचे बिघडले नाही तेच. ज्यांचे बिघडले ते समारंभात उठून तसे सांगत नाहीत. शिवाय मार पचवून हसतखेळत मोठी झालेली माणसे मुळात त्या ४० टक्क्यांतली नव्हती कशावरून? अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ग्राझिना कोहान्स्का यांनी शिस्तीचा परिणाम स्वभावागणिक बदलतो का, हा प्रश्न धसाला लावला. जात्या भित्र्या मुलांत सदसद्विवेक रुजतो तो सौम्य शिस्तीने, असे त्यांना आढळले. धीट मुलांना सौम्य शिस्तीचा तसा विशेष फायदा दिसला नाही; त्यांच्या बाबतीत कामी आला तो आईशी असलेला जिव्हाळा. कारण उघड आहे. भीती एका मर्यादेपलीकडे गेली की मुलाचे लक्ष आपल्या चुकीवरून उडते आणि मारणाऱ्याच्या हातावर खिळते. मूल गप्प होते. शिकत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे, आणि त्यात सत्याचा अंश आहे. केगन यांच्या सहकारी डोरीन आर्कस यांनी त्या हातपाय झाडणाऱ्या बाळांच्या घरी जाऊन निरीक्षणे केली. जी आई अशा बाळाच्या प्रत्येक कुरकुरीला धावून गेली तिचे बाळ अधिक भित्रे राहिले. जिने वाजवी मर्यादा घातल्या आणि पाळल्या तिचे बाळ पुढे कमी बुजले. पूर्वपक्ष म्हणेल, आम्ही दुसरे काय म्हणत होतो? आम्ही विचारतो, मर्यादा घालण्यासाठी हात उगारावा लागतो हे कुठे सिद्ध झाले? ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतली भांडणे बारकाईने टिपली. मूल किंचाळते, आई नमते. मूल शिकते की किंचाळून काम होते. आई त्याहून मोठ्याने ओरडते, मूल नमते. आई शिकते की ओरडून काम होते. लाड आणि मार दोन्ही एकच धडा देतात: ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे.

मागणी पुरवणे आणि मुलाला काय खुपते ते ओळखणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पूर्वपक्ष त्यांची गल्लत करतो. नेदरलँड्समध्ये डिम्फ्ना व्हॅन डेन बूम यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गरीब घरांतली १०० चिडखोर बाळे होती. निम्म्या आयांना, बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना, बाळाच्या खुणा वाचून प्रतिसाद कसा द्यावा हे घरी जाऊन शिकवले. ती बाळे शेफारली का? उलट, वर्षाची होईतो ती कमी रडू लागली आणि आईपाशी अधिक निर्धास्त झाली.

इथे पूर्वपक्ष आपला हुकमी साक्षीदार उभा करतो: ‘श्यामची आई’. पोहायला भिणाऱ्या श्यामला आईने झोडपून धाडले की नाही? धाडले. मागाहून कारणही सांगितले, आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये. पण साक्षीदार अर्धा मानायचा नसतो. त्याच पुस्तकात आंघोळ झालेला श्याम ओले तळवे मळतील म्हणून पाऊल खाली टाकायला तयार नसतो. आई त्याला नखरेल म्हणत नाही. ती आपले ओचे धोंडीवर पसरते, त्यावर पाऊल टाकू देते आणि मग मागणे मागते: पायांना जपतोस तसे मनालाही जप. मुलाची खोड सांभाळली आणि अपेक्षा वाढवली, दोन्ही एकाच प्रसंगात. त्या काळी मार घरोघरी होता. लेकाच्या ओल्या तळव्यांखाली ओचे पसरणारी आई घरोघरी नव्हती. मग श्याम घडला याचे श्रेय घरोघरी असलेल्या गोष्टीला द्यायचे की नसलेल्या?

चौथा मुद्दा, टणक करण्याचा. थॉमस बॉइस यांनी पाळणाघरातल्या मुलांची आजारपणे मोजली. ताणाला तीव्र प्रतिसाद देणारी मुले ताणाच्या वातावरणात सर्वाधिक आजारी पडली, पण निवांत वातावरणात इतर मुलांपेक्षाही कमी. जे मूल वाईटाने लवकर कोमेजते तेच चांगल्याने अधिक बहरते. जेय बेल्स्की यांनीही स्वतंत्रपणे हाच सिद्धान्त मांडला. सोनाराच्या काट्यावर कोळशाची पोती लादून तो वखारीचा काटा होत नाही. मोडतो.

खंडन झाले. आता मंडन. समजा, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन लग्नाला जायचे आहे. बँड वाजणार, गर्दी असणार, हे घरीच सांगावे. खुर्ची स्पीकरपासून दूरची धरावी. तरीही बांध फुटला तर चारचौघांत दटावू नये. त्याला बाहेरच्या व्हरांड्यात न्यावे, त्याच्या उंचीला बसावे, दोन वाक्यांपलीकडे बोलू नये. हुंदके थांबल्यावर मात्र नियम लागू. भिरकावलेली पत्रावळ त्याने स्वतः उचलायची. मावशीला लाथ मारली असेल तर तिच्याकडे जाऊन क्षमा मागायची. त्यातून सूट नाही. ही शिस्त धपाट्यापेक्षा सोपी आहे असा आमचा दावा नाही. ती कितीतरी कष्टाची आहे. यात लाड कुठे आहेत ते पूर्वपक्षाने दाखवावे.

निवाडा वाचकांनी करावा. त्याआधी एकच गोष्ट तराजूत टाकावी. आम्ही चुकलो असू तर मूल वळणावर यायला थोडा उशीर लागेल, आणि उशीर भरून काढता येतो. ते चुकले असतील तर ज्या माणसाकडे धावत यायचे त्याच माणसाला मूल भिऊ लागेल. पुराव्याचा भार हात उगारणाऱ्यावर आहे. तो त्यांनी अजून उचललेला नाही.