छोट्या डिझेल इंजिनाची रोजची तपासणी



इंजिन शोधून काढणारा एकच असतो, पण ते रोज सकाळी सुरू करणारे हजारो असतात. इतिहासात नाव लागते ते पहिल्याचे. मला बोलायचे आहे ते दुसऱ्यांविषयी.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी जर्मनीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात रूडॉल्फ डिझेलचे प्रायोगिक यंत्र बाहेरच्या शक्तीवर, पट्ट्याने फिरवले जात होते. एकाएकी पट्ट्याची ओढ उलटली. यंत्रच आता शाफ्टला ओढू लागले होते! मिनिटाला ८८ फेऱ्यांनी ते मिनिटभर आपल्या बळावर चालले. हे प्रथम ध्यानात आले लिंडर नावाच्या कारागिराच्या, आणि त्याने न बोलता टोपी उचलली, असे सांगतात. या इंजिनाची पहिली तपासणी कामगाराच्या डोळ्यांनी झाली, असे मी समजतो.

या इंजिनात ठिणगी नसते. दाबून दाबून हवा इतकी तापते की तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. दाब गळला की आग गेली. टॅपेटला फट ठेवतात ती याचसाठी; फट नसेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

आरंभी तेल आत फुंकायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे. असले धूड वीजघरात नाही तर जहाजावर, फिटरांच्या पहाऱ्यात. १९२७ पासून बॉशचे पंप कारखान्यातून निघू लागले आणि कॉम्प्रेसरची गरज सरत गेली. १९३० च्या सुमारास इंग्लंडात लिस्टरचे संथ, दणकट इंजिन आले. पुढे राजकोटकरांनी त्याच नमुन्यावर इंजिने काढली. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. इंजिन विहिरीवर पोचले. फिटर मात्र शहरातच राहिला.

मग विहिरीवरचा गडीच फिटर झाला. तेलाची पट्टी काढून तो थेंब दोन बोटांत चोळतो. दुधाळ दिसले तर पाणी शिरले. पातळी आपसूक वाढली तर डिझेल उतरले. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा भार जास्त, निळा असेल तर वंगण जळते आहे. डिझेलची टाकी तो संध्याकाळीच भरतो, कारण रिकाम्या टाकीत रात्री दव धरते आणि ते पाणी पंपाला बाधते. एवढी विद्या, पण पगारपत्रकावर शब्द ‘मदतनीस’!

एका ठिकाणी इंजिन जाम झाले. ड्रायव्हरने नवे वंगण तीनदा मागितले होते, तोंडी. मालकाने नुकसान त्याच्या पगारातून कापायचे ठरवले. आम्ही भांडलो, पण हातात कागद नव्हता. तेव्हापासून इंजिनाच्या वहीत तारीख, तास, तेल आणि सही या चार रकान्यांपुढे मी पाचवा आखायला लावतो : काय मागितले, आणि केव्हा मिळाले.