काराकासचा गुड फ्रायडे

देवीच्या रोगावर लस टोचून घेण्याला आपल्याकडे ‘देवी काढणे’ म्हणण्याचा प्रघात पडला. रोग, देवता आणि उपाय ही तिन्ही एकाच शब्दात येऊन बसली. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस प्रथम टोचली गेली. पण आजची हकीकत त्यानंतर दोन वर्षांनी, सातासमुद्रापलीकडील काराकास शहरी घडलेली आहे.

स्पेनचा राजा चौथा चार्ल्स याने बाल्मिस नावाच्या वैद्याला अमेरिकेतील वसाहतींकडे धाडले. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी जहाज ला कोरुन्या बंदरातून सुटले. लस जिवंत ठेवावयाची कशी? बरोबर २२ अनाथ मुले घेतली. एकाच्या दंडावरील फोडातली लस दुसऱ्याच्या दंडात, अशी साखळी समुद्रभर चालविली. त्या पोरांना कोणी विचारले नव्हते, हे विसरून या मोहिमेचे गोडवे गाणे मला साधत नाही. त्यांचा सांभाळ करणाऱ्या इसाबेल सेंदाल या बाईंचे नाव मात्र आदराने घ्यावे.

काराकासला टोचणीचा प्रारंभ झाला ३० मार्च १८०४ रोजी, आणि तो दिवस होता गुड फ्रायडेचा! शहरात छापखाना नव्हता. तो आला १८०८ साली. तोवर लोकांना काही कळावयाचे ते चर्चमधील प्रवचनातून, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून. सरकारी कचेरीतील आंद्रेस बेयो या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणाने लसीवर दीर्घ काव्य रचले. राजाची स्तुती त्यात भरपूर आहे. नोकरी सरकारी होती ना! हाच तरुण पुढे काराकासच्या पहिल्या वृत्तपत्राचा संपादक झाला.

बेयोची भाषा घरी बोलणारे लक्षावधी तरुण आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहेत. कोविडच्या साथीत त्यांच्या कानी एकाच धर्मपीठाचे निरनिराळे सूर आले. २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकनने लस घेण्यास नैतिक हरकत नसल्याचे कळविले. मार्च २०२१ मध्ये तेथील बिशप म्हणाले, निवड करता येत असेल तर जॉन्सन अँड जॉन्सनची लस टाळा. पूर्वीच्या गर्भपातांतून आलेल्या पेशी तिच्या निर्मितीत वापरल्या होत्या. १८ ऑगस्ट २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लस घेणे हे प्रेमाचे कृत्य आहे असे सांगितले. यातले अर्धेच वाक्य व्हॉट्सॲपवरून आले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे?

आणि तो नुसता ऐकणारा नसतो. कित्येक घरांत इंग्रजी वाचणारा तो एकटाच; दवाखान्यातले पत्रक आईला स्पॅनिशमध्ये सांगावयाचे काम त्याच्याचकडे असते.