काळीं पिसें आणि कॅमेऱ्याची कांच

तारेवर बसलेला कोतवाल आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. डोळ्यांना तो नुसता काळा दिसत नाहीं. त्यानें मान वळविली कीं गळ्यावर निळसर झांक येते, पंखांच्या कडा पोलादासारख्या लकाकतात, दुभंगलेल्या लांब शेपटीचीं टोकें वेगळीं ओळखूं येतात. परंतु आपल्यापैकीं कोणी त्याचें छायाचित्र घेतलें असेल, तर हातीं आला असेल तो बहुधा पांढऱ्या आकाशावरचा एक शाईचा डाग. डोळा कोठें आहे याचाहि पत्ता नाहीं! या डागाशीं छायाचित्रकार सव्वाशें वर्षांहून अधिक काळ झगडत आले आहेत, आणि त्या झगड्याची किंमत पुष्कळदां घरट्यांतल्या पिलांनीं मोजली आहे. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

इंग्लंडांत यॉर्कशरमधील स्वेलडेल खोऱ्यांत वाढलेले रिचर्ड व चेरी कीर्टन हे दोघे भाऊ या विद्येचे आद्य उपासक. १८९२ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या उत्तरेस एन्फील्डजवळ धाकट्या चेरीनें थ्रश पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. त्यांतून पुढें १८९५ सालीं 'ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्स' हें त्यांचें पुस्तक निघालें. त्यांतील सारीं चित्रें प्रत्यक्ष रानांत घेतलेलीं होतीं. पक्ष्यांना संशय येऊं नये म्हणून या भावांनीं बैलाचें कातडें चढवून एक पोकळ बैल तयार करविला आणि त्याच्या पोटांत उभें राहून चित्रें घेतलीं. ही गोष्ट मोठी गमतीची म्हणून सर्वत्र सांगितली जाते. बैलाच्या पोटांतल्या माणसाची खरी अडचण मात्र उजेडाची होती, आणि तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं.

त्या काळच्या साध्या कांचेला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा कळे; पिवळ्या-तांबड्याच्या बाबतींत ती जवळजवळ आंधळी होती. इंग्लंडांतील ब्लॅकबर्ड हा कस्तुराच्या कुळांतला पक्षी घ्या. नर काळाभोर, त्याची चोंच पिवळीधमक, मादी तपकिरी. साध्या कांचेवर ती पिवळी चोंच काळवंडे आणि तपकिरी मादीहि नराइतकीच काळी होऊन बसे. कांचेवरच्या लेपांत रंगद्रव्य मिसळलें तर तिला इतर रंगहि दिसूं लागतात, हें हेर्मान फोगेल या जर्मन रसायनज्ञानें १८७३ सालींच दाखविलें होतें. पण सर्व रंग जाणणाऱ्या कांचा इंग्लंडच्या बाजारांत आल्या त्या १९०६ मध्यें.

कांचेवर किती प्रकाश किती वेळ पडूं द्यावयाचा, या हिशेबाला एक्स्पोजर म्हणतात. हा हिशेब पूर्वीं अंदाजानें चाले. त्याला शास्त्राचें रूप दिलें तें फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड या जोडीनें. दोघेहि विड्नेस येथील सोडा-क्षारांच्या कारखान्यांत नोकरीस. छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानें असें दाखविलें कीं, प्रकाशाच्या प्रमाणांत कांच काळवंडते ती ठराविक मर्यादेंतच. त्या मर्यादेखालीं पडलेला प्रकाश नोंदलाच जात नाहीं. काळें पीस आपल्याकडे फारच थोडा प्रकाश परत पाठवितें. तेवढाहि कांचेपर्यंत पोंचला नाहीं, तर मागाहून अंधाऱ्या खोलींत कांच कितीहि वेळ धुवा, पीस उमटत नाहीं. निगेटिव्हसाठीं सावलीचा विचार करून प्रकाश द्यावा, हा छायाचित्रकारांचा जुना दंडक याच कारणानें पडला.

प्रकाश तर हवा, आणि काळा पक्षी घरटें करतो तें झुडपाच्या दाट सावलींत! लांबून चित्र घ्यावें अशीं भिंगें त्या वेळीं सामान्यांपाशीं नव्हतीं, म्हणून पक्षी हमखास परत येतो तें घरटें गांठणें हाच मार्ग होता. मग काय करीत? घरट्यासमोरील फांद्या बाजूला सारीत. जाणता माणूस त्या दोरीनें बांधून ठेवी आणि काम होतांच पूर्ववत् सोडी. उतावळा माणूस कात्री चालवी. याला छायाचित्रकारांच्या बोलींत 'बागकाम' असें गोंडस नांव आहे. उघड्या पडलेल्या घरट्यावर ऊन सरळ येतें, आणि ज्यांच्या अंगावर अद्याप पीस नाहीं अशीं पिलें त्या उन्हांत थोड्याच वेळांत दगावूं शकतात. त्यांतून वांचलींच, तर कावळ्या-मांजरांना वाट मोकळी झालेली असते. आईबाप माणसाच्या भीतीनें दूर बसून ओरडत राहतात, आणि लपणींत बसलेला माणूस घड्याळ पाहत म्हणतो, आणखी थोडा उजेड हवा. जुन्या पुस्तकांतलीं सुंदर घरटीं पाहतांना त्यांच्यावरची सावली कोणी काढली, हा प्रश्न माझ्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हर्टर-ड्रिफील्ड यांनीं १८८८ सालीं एक सरकपट्टीहि तयार केली होती. दिवस कोणता, वेळ कोणती, आकाश कसें आहे, यावरून ती एक्स्पोजर सांगे. म्हणजे ती पक्ष्याकडे पाहतच नसे. त्याच्यावर किती उजेड पडत आहे तेवढें पाही. याच्या उलट, १९३२ सालीं वेस्टन कंपनीनें प्रकाशविद्युत्‌ तत्त्वावरील जें मापक यंत्र आणलें, तें समोरून परत येणारा उजेड मोजूं लागलें. सोय मोठी झाली, पण फसगतहि तेथेंच सुरू झाली. कारण असें यंत्र समोरची प्रत्येक वस्तु मध्यम करड्या रंगाचीच आहे असें धरून चालतें. डोमकावळ्यानें सारी चौकट भरली, तर यंत्राला वाटतें अंधार आहे. तें प्रकाश वाढवितें आणि कावळा राखेच्या रंगाचा होतो. तोच कावळा आकाशावर लहानसा दिसत असेल, तर यंत्र आकाशालाच भुलतें आणि आपला डाग तयार होतो. पहिल्या प्रसंगीं यंत्रानें सांगितल्याच्या निम्मा प्रकाश द्यावा लागतो, दुसऱ्या प्रसंगीं दुप्पट ते चौपट. आजच्या कॅमेऱ्यांच्या पोटांतील मापकें पुष्कळ शहाणीं झालीं आहेत, तरी ही खोड पुरती गेलेली नाहीं. माझ्या मतें जुनी सरकपट्टी या बाबतींत अधिक समंजस होती.

उजेडाची उणीव भरून काढण्याचा दुसरा मार्ग म्हणजे उजेड बरोबर नेणें. अमेरिकेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं विजेच्या क्षणिक झोताचें तंत्र वाढविलें, आणि इंग्लंडांत एरिक हॉस्किंग यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर तें पक्ष्यांवर वापरून नांव मिळविलें. याच हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ मध्यें घरट्याचें रक्षण करणाऱ्या एका घुबडानें हिरावून घेतला होता. तरी त्यांनीं हें काम सोडलें नाहीं. विजेच्या झोतामुळें उजेडासाठीं फांदी हलविण्याचें कारण उरलें नाहीं. पण समोरून मारलेल्या झोतानें काळ्या पिसांवर पांढरे ठिपके उठतात, आणि मागची झाडी अंधारांत गेल्यानें काळा पक्षी काळ्या पडद्यांत विरघळतो.

आपल्या देशांतील या कामाची साक्ष पाहावयाची असेल, तर ई. एच. एन. लोदर यांचें १९४९ सालचें 'ए बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हें पुस्तक चाळावें.

आज कांच गेली, फिल्महि बहुतांशी गेली. डिजिटल कॅमेऱ्यांत जुना दंडक उलटा झाला आहे: सावलींतला तपशील मागाहून बराचसा वर काढतां येतो, मात्र पांढरा भाग एकदां जळाला कीं कायमचा गेला. हिवाळ्यांत तळ्यावर दिसणारा वारकरी पाहा. अंग काळें, कपाळावर शुभ्र टिळा. पिसांसाठीं प्रकाश वाढविला तर टिळा जळतो. टिळा सांभाळला तर पिसें बुडतात. येथें टिळा जळणार नाहीं इतकाच प्रकाश द्यावा आणि पिसें मागाहून उजळावीं. थोडे दाणे दिसले तर दिसूं द्यावे. ढगाळ सकाळ मिळाली तर दोन्ही साधतात.

कोतवालाचें घरटें उंचावरच्या उघड्या दुबेळक्यांत असतें आणि तेथें उजेड भरपूर असतो. तरी त्याच्या वाटेस जाऊं नये. घरट्याजवळ आलेल्या घारी-कावळ्यांना तो कसा हुसकून लावतो, हें आपण पाहिलेंच असेल. त्याला तारेवरच गांठावें. सकाळचा सूर्य आपल्या पाठीशीं असूं द्यावा. त्याच उन्हांतलें हिरवें गवत मापकानें मोजावें, तोच आंकडा कायम ठेवावा आणि वर अर्धा टप्पा प्रकाश अधिक द्यावा. त्यानें मान वळवीपर्यंत थांबलें, म्हणजे गळ्यावरची निळी झांकहि येते.