'तरी' की 'म्हणून'? : आम्फिबोलिया आणि शेख महंमदांचे 'अविंध'

अरिस्टॉटलने भाषेवर आधारलेल्या हेत्वाभासांचे सहा प्रकार मानले. एकाच शब्दाची अनेकार्थता हा त्यांतील एक. वाक्यरचनेतून उद्भवणारी द्व्यर्थता, म्हणजे 'आम्फिबोलिया', हा दुसरा. त्याच्या एका उदाहरणात शत्रूंनी मला पकडावे की मी शत्रूंना, हे ग्रीक वाक्यातील विभक्तीवरून ठरत नाही. येथे दोष रचनेचा आहे. न्यायदर्शन मात्र तो अन्यत्र पाहते. वात्स्यायनभाष्यातील 'नवकंबल' या उदाहरणात वक्त्याला 'नवी घोंगडी' अभिप्रेत असते. प्रतिपक्षी जाणूनबुजून 'नऊ घोंगड्या' असा अर्थ घेतो. हा 'वाक्छल' होय, आणि छल करतो तो ऐकणारा.

हा भेद मराठी संतसाहित्याच्या इतिहासात कळीचा ठरतो. 'योगसंग्राम' (1645) या ग्रंथाचे कर्ते शेख महंमद हे परंपरेनुसार आष्टी तालुक्यातील वाहिऱ्याचे. त्यांची कर्मभूमी श्रीगोंदे. सूफींच्या कादिरी परंपरेशी जोडले जाणारे चांद बोधले हे त्यांचे गुरू. आपल्या प्रसिद्ध अभंगात ते स्वतःला 'अविंध' म्हणवतात आणि लगेच आपल्या हृदयातील गोविंदाचा निर्देश करतात. 'अविंध' म्हणजे कान न टोचलेला, अर्थात मुसलमान. परंतु खरी द्व्यर्थता या शब्दात नाही. ती दोन विधानांच्या सांध्यात आहे. तेथे उभयान्वयी अव्यय नाही. अविंध असूनही गोविंद, की अविंध आहे म्हणूनच गोविंद? की दोन्ही केवळ शेजारी नांदतात?

'तरी' घालून वाचणारा समीक्षक शेख महंमदांना अपवाद ठरवतो आणि त्यांच्या सहिष्णुतेचे कौतुक करतो. ते कौतुक सद्भावाचे असले, तरी त्यात अविंधत्व हा भक्तीतील अडथळा होता हे गृहीत धरलेले असते. संहितेने हे म्हटलेले नाही. रिकामी जागा कवीने ठेवली. ती भरली वाचकाने.

श्रीगोंद्यातील त्यांच्या स्थानाला दर्गा म्हणावे की समाधी, हा अलीकडचा वाद याच प्रवृत्तीचा पुढचा टप्पा आहे. जेथे रचनेने निवड नाकारली, तेथे निवडीची सक्ती करणे याला न्यायशास्त्राच्या परिभाषेत छलच म्हणावे लागेल. अरिस्टॉटलच्या दृष्टीने सदोष ठरणारे वाक्य येथे निर्दोष आहे. दोष आपल्या श्रवणाचा आहे.