१ जूनला जन्मलेली माणसं

२०२५ च्या मे महिन्यातला एक रविवार. फोन नुकताच बदलला होता. म्हटलं, आईच्या डायरीतले, जुन्या फोनमधले आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनने गोल केलेले सगळे वाढदिवस एकदाचे डिजिटल कॅलेंडरमध्ये भरून टाकू. तासाभराचं काम. एकदा भरलं की दर वर्षी आपोआप आठवण, कटकट संपली!

तर मंडळी, भरता भरता १ जूनच्या चौकोनात पाच नावं जमा झाली. आजी, आत्याचे सासरे, गावाकडचे दोन काका आणि आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका. एका दिवशी पाच? आधी वाटलं, कॉपी-पेस्ट करताना माझीच चूक झाली. आईला विचारलं तर ती हसायलाच लागली. "अरे, तो गुरुजींनी दिलेला वाढदिवस!"

तुमच्याही घरात असा एखादा १ जूनवाला असणारच. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला घेऊन आलेल्या बापाला जन्मतारीख माहीत नसायची, आणि प्रवेशासाठी वय तर पूर्ण दिसायला हवं. मग गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज करायचे आणि पुढे १ जून लिहून टाकायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर ही गुरुजींची डिफॉल्ट व्हॅल्यू. युनिक्सची वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात, म्हणून बिघडलेल्या डेटाबेसात सगळ्या नोंदी त्याच तारखेच्या दिसतात ना, अगदी तसंच. फरक एवढाच की इथे त्या नोंदीवर माणसाचं आयुष्य चालतं. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे महाराष्ट्रात दर ३१ मेला निरोपसमारंभांची रांग लागते. आत्याचे सासरे शिक्षक होते, तेही ३१ मेलाच निवृत्त झाले.

पण मग त्या काळी जन्माची नोंद कुणी करतच नव्हतं का? तसं नाही. इंग्रजांनी १८८६ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा केला होता, पण त्यातली नोंदणी ऐच्छिक होती. सगळ्या देशाला एकसारखा लागू होणारा, नोंदणी सक्तीची करणारा कायदा आला १९६९ मध्ये. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. म्हणजे १ जूनवाल्यांची जमात आता संपत चालली आहे.

गंमत अशी, की ज्या घरात पत्रिका केली जायची तिथे नोंद आपल्या टाइमस्टँपच्या तोंडात मारेल अशी असायची. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र आणि सूर्योदयापासून किती घटी, किती पळं. ६० घटींचा दिवस, म्हणजे घटी २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद अशीच सापडली. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. दुसऱ्या बाजूला शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया सांगणारी परंपरा होती. वाद कित्येक दशकं चालला आणि अखेर २००१ साली राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. त्यातही एक मेख आहे. ही तारीख जुन्या जुलियन कॅलेंडरची. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच! अशा कोड्यात वार हा चेकसमसारखा उपयोगी पडतो, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

असो. १ जून उजाडला. तोही रविवारच होता. सकाळी फोन वाजला, आजीचा वाढदिवस. मी उत्साहाने तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "आज कसला रे वाढदिवस? मी कोजागिरीची. गांधीजी गेले ना, त्या वर्षीची. रविवार होता, आमच्या गावचा बाजाराचा दिवस. आई नेहमी सांगायची."

मी जरा ओशाळलो. मग लॅपटॉप उघडला.

गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. त्या वर्षीची कोजागिरी काढली तर आली १७ ऑक्टोबर १९४८. वार? रविवार. चेकसम जुळला! शाळेच्या दाखल्यावर आजी १ जून १९४७ ची आहे. म्हणजे गुरुजींनी तिला सव्वा वर्षाहून जास्त मोठी करून टाकली होती.

आता प्रश्न सोपा वाटत होता. कॅलेंडरमध्ये १७ ऑक्टोबर टाकायचा की झालं. पण आजीच्या लेखी तिचा वाढदिवस १७ ऑक्टोबर नाहीच, तो आहे कोजागिरी. आणि कोजागिरी २०२३ मध्ये २८ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये १६ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. अशा तिथींचं चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून दर वर्षी सण अकराएक दिवस अलीकडे सरकतात आणि मग अधिक महिना येऊन त्यांना पुन्हा मागे ढकलतो. मात्र २३५ चांद्रमास आणि १९ सौरवर्षं यांत दोनेक तासांचाच फरक आहे. त्यामुळे १९, ३८, ५७ आणि ७६ व्या वर्षी तिथी आणि तारीख जवळजवळ भेटतात. आजीचं ७६ वं वर्ष २०२४ मध्ये झालं, आणि कोजागिरी फक्त एका दिवसाने हुकली होती.

हे सगळं कॅलेंडरला सांगणार कसं? डिजिटल कॅलेंडरं ज्या आयकॅलेंडर मसुद्यावर चालतात, तो १९९८ चा. त्यात 'दर वर्षी' म्हणजे ग्रेगोरियन वर्ष. २०१५ मध्ये त्याला चिनी, हिब्रू यांसारख्या कॅलेंडरांसाठी जोड दिली गेली. आपलं काय? 'इंडियन' नावाचं कॅलेंडर प्रमाण यादीत आहे, पण ते मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेलं आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेलं राष्ट्रीय सौर कॅलेंडर. समितीपुढे देशात चालू असलेली तीसएक वेगवेगळी पंचांगं होती, तेव्हा एकच सोपं सौर कॅलेंडर हवं हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्यात तिथी नाही, म्हणून आजीही नाही. आपल्या घरांनी यावर केव्हाच उपाय शोधला होता. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं आणि एकाच चौकोनात तारीखही छापली, तिथीही. तो चौकोन फोनमध्ये येताना अर्धा गळाला, एवढंच.

शेवटी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पुढच्या तीस वर्षांच्या कोजागिरीच्या तारखा काढल्या आणि एक एक करून आजीच्या नावावर टाकल्या. तीस का, ते विचारू नका. कमी टाकवेनात.

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. फोन वाजला. संध्याकाळी दूध आटवलं, चंद्र दाखवला. आमच्याकडे कोजागिरीला ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, म्हणून आजीने दर वर्षीप्रमाणे बाबांना ओवाळलं. तेव्हा एकदम डोक्यात आलं, की ही बाई इतकी वर्षं स्वतःच्या वाढदिवशी ताट हातात घेऊन दुसऱ्याला ओवाळतेय आणि आम्ही कुणी एकदाही विचारलं नाही.

बाबांनी ताट तिच्या हातातून घेतलं आणि आईकडे दिलं.

"मला कशाला? मी कुठे ज्येष्ठ?" आजी म्हणाली.

"आई, आज तुझा वाढदिवस. बस तू."

ती बसली. निरांजन फिरत होतं तेव्हा तिने पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "आता त्या फोनमधला जूनचा काढून टाक."

काढून टाकला. बाकीच्या चार १ जूनवाल्यांना मात्र अजून विचारायचं आहे. तुमच्या घरातल्यांना तुम्ही विचारा... आणि वार विचारायला विसरू नका :)