टक्के कशाचे? कायदा, अंदाजपत्रक आणि पोशेऱ्यातला एक मुलगा

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. ज्यांच्या बुद्धीची वाढ जन्मापासून किंवा लहानपणापासून मागे राहते, अशा माणसांसाठी आपल्या राज्याने कायदे काय केले आणि पैसे किती ठेवले, याचा हा इतिहास आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आम्ही अंदाजपत्रकात का डोकावावं, असं कुणी विचारेल. त्याचं कारण आम्हाला एका बाईंनी विचारलेला प्रश्न आहे.

२०१८ ची गोष्ट. बोहाड्याचे दिवस होते. काही जुन्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही जव्हार-मोखाड्याकडे गेलो होतो. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात एका घराच्या पडवीत बसलो. घरातला मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. उशिरा चालायला लागलेला, मोजकेच शब्द बोलणारा. शेळ्या मात्र नीट राखायचा, एकही चुकू द्यायचा नाही. गावात त्याला ‘भोळा’ म्हणत. त्याच्या आईने ट्रंकेतून एक प्रमाणपत्र काढलं. त्यावर लिहिलं होतं, ७५ टक्के. एका कचेरीत तिला सांगण्यात आलं होतं की एका पेन्शनला ८० टक्के लागतात. तिने आम्हाला विचारलं, "तुम्ही मास्तर ना? मग सांगा, हे टक्के कशाचे? आणि पाच कमी पडले म्हणजे काय कमी पडलं?"

आम्ही तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. ते बरोबर नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजा.

टक्का ही स्वतंत्र वस्तू नाही, ते एक नातं आहे. वर अंश, खाली छेद. आपण अंशावर भांडतो, तीनाचे चार करा, चाराचे पाच करा. छेद काय आहे, हे क्वचितच विचारतो. या विषयाच्या इतिहासात नावं सुधारत गेली, टक्के वाढत गेले. छेदाकडे मात्र कुणी फारसं पाहिलं नाही. हेच आज सांगायचं आहे.

आधी नावांचा इतिहास थोडक्यात पाहू. १९१२ च्या ल्युनसी अ‍ॅक्टमध्ये ‘वेडा’ कोण, याच्या व्याख्येतच ‘इडियट’ हा शब्द होता. मनाचा आजार झालेला आणि बुद्धीची वाढ न झालेला, दोघे एकाच कप्प्यात. कायद्याला काळजी होती ती त्यांना ठेवायचं कुठे, याची. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मानसिक आजारातून वगळलं. हे शास्त्राला धरून झालं, पण परिणाम असा की ही माणसं जुन्या घरातून बाहेर पडली आणि नवं घर तयार नव्हतं. ते १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने दिलं. सात प्रकारच्या अपंगत्वांत मतिमंदत्व आलं. पण आता गंमत बघा. त्याच कायद्यात नोकऱ्यांचं ३ टक्के आरक्षण होतं, ते एक-एक टक्का असं तीन गटांत वाटलेलं. दृष्टी, श्रवण आणि हालचाल. मतिमंदांचं नाव व्याख्येत होतं, वाटपात नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातांचे एकवीस केले, आरक्षण ४ टक्के केलं आणि बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता यांना प्रथमच वाटपात जागा दिली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला.

मध्ये १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी केलेला. त्यामागचा प्रश्न प्रत्येक आईबापाचा आहे: आमच्यामागे याचं कोण? अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी आईबापही पालक राहत नाहीत. म्हणून कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीने कायदेशीर पालक नेमावा, अशी सोय झाली. पैशाची तरतूद कशी? केंद्राने एकदाच शंभर कोटी द्यायचे आणि त्याच्या उत्पन्नातून कार्यक्रम चालवायचे. २०११ च्या जनगणनेत मतिमंदत्वाची प्रथमच वेगळी गणना झाली. तेव्हा देशात अशा पंधरा लाख व्यक्ती नोंदल्या गेल्या. शंभर कोटींना पंधरा लाखांनी भागा. माणशी सातशे रुपयेही येत नाहीत, आणि तेही मुद्दल. खर्चायचं ते त्याचं व्याज.

मोजणीचा प्रश्न पोशेऱ्याला कसा लागू होतो, ते पाहू. बुद्धीची वाढ मोजायला बुद्ध्यांकाच्या जोडीला सामाजिक परिपक्वतेची एक मोजपट्टी वापरतात. मूळची अमेरिकेतली. भारतीय मुलांसाठी ती नागपुरात मालिन यांनी बेतली, ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट आहे. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, कपडे घालतं का, एकटं शेजारी जातं का, असं ती विचारते. उत्तरांवरून सौम्य, मध्यम, तीव्र अशी पायरी ठरते. मग सरकारी मार्गदर्शक सूचना त्या पायरीला टक्के लावतात: सौम्यला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९०, अतितीव्रला १००. म्हणजे या मुलाचे ७५ हे कुणी ७४ किंवा ७६ मधून मोजून काढलेले नाहीत. तो ‘मध्यम’ या शब्दाचा आकड्यात केलेला अनुवाद आहे. दुसरीकडे केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन योजना ८० टक्क्यांची अट घालते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की दिसतं, मध्यम बौद्धिक अक्षमता असलेला एकही माणूस, त्याला दुसरं अपंगत्व नसेल तर, या योजनेत कधीच बसणार नाही. पाच टक्के कमी पडले असं नाही. पाचाची ती पायरीच अस्तित्वात नाही. त्या माऊलीला आम्ही हे सांगायला हवं होतं. आणि बसला असता तरी मिळालं काय असतं? २०१२ पासून केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे, तो आजही तेवढाच.

आता राज्याकडे येऊ. १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना ४० टक्क्यांवर चालते, म्हणून हा मुलगा राज्याच्या हिशेबात येतो. इथे २०१६ च्या कायद्याचं कलम २४ महत्त्वाचं. ते म्हणतं, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम ही इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. यात छेद स्पष्ट दिलेला आहे: इतरांना मिळतं ते. निराधार योजनेत विधवा, दुर्धर आजारी, दिव्यांग असे सगळे एकत्र आहेत. तुलना करायला दूर जायला नको. २०१७ मध्ये सगळ्यांना ६०० होते, दिव्यांगांनाही ६००. २०१९ मध्ये १,००० झाले, दिव्यांगांनाही १,०००. उलट मुलं असलेल्या विधवांना शंभर-दोनशे जास्त. ते योग्यच होतं, पण मग दिव्यांगांचे कुठे? २०२३ मध्ये १,५००, पुन्हा सरसकट. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५०० झाले, तेव्हा फरक दिसला, आणि तो २५ टक्क्यांहून बराच मोठा आहे. स्वागत करू या. पण मधली साडेआठ वर्षं? १५०, मग २५०, मग ३७५ रुपये महिना असा फरक धरला, तर ढोबळ हिशेबाने माणशी पंचवीस हजारांच्या आसपास रक्कम होते. शेळ्या राखणाऱ्या मुलाच्या घरात ही रक्कम काय असते, हे तुम्हीच ठरवा.

कुणी म्हणेल, कलमाच्या सुरुवातीलाच ‘आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत. आहेतच. ते नवे नाहीत. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व यांत सार्वजनिक मदत यांचा उल्लेख होतो, तिथूनच ते आले. १९९५ च्या कायद्यातही होते. पण क्षमता ही काय पाऊस आहे, पडेल तेवढा मोजून घ्यायला?

याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेलं आहे. कलम ४१ मधलाच दुसरा शब्द घ्या, काम. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर गेली. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, त्यात राज्याने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची असं ठरलं, आणि १९७७ मध्ये हमीचा कायदा केला. जव्हार-मोखाड्याच्या किती पिढ्यांनी त्या कामावर खडी फोडली, हे तिथल्या रस्त्यांना विचारा. क्षमता मोजत बसण्याऐवजी ती निर्माण केली.

त्याच व्यवसाय कराची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. मतिमंद मुलाच्या आईवडिलांना या करातून सूट आहे. चांगली गोष्ट आहे. हा कर घटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊ दिलेला नाही, म्हणजे सवलत वर्षाला जास्तीत जास्त तेवढीच. पण ती मिळते कुणाला? ज्याला पगाराची चिठ्ठी मिळते त्याला. आयकरातली वजावटही तशीच. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या बापाला ना हा कर, ना ती सूट. त्याच्या मुलासाठी सरकारने सोडून दिलेलं उत्पन्न शून्य आहे. छेदच शून्य असेल तर टक्के काढता येत नाहीत, हे शाळेत शिकवतात.

शेवटी गावात येऊ. २०१८ पासून ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. आधी ३ होते. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी. महामार्गाकडेच्या, कारखाने असलेल्या गावात हे लाखांत जातं. पोशेऱ्यासारख्या कुडाच्या घरांच्या गावात घरपट्टी ती किती आणि तिचे पाच टक्के ते किती! नियम दोघांना सारखाच आहे. जिथे गरज जास्त, तिथे निधी कमी, हा नियमाचा आकारच आहे.

त्याच ग्रामपंचायतीत दुसरे ५ टक्के आहेत. पोशेरा अनुसूचित क्षेत्रात आहे. २०१५ पासून पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट, अबंध निधी म्हणून मिळतात. ही उपयोजना स्वतः कशी ठरली? सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३ पासून राज्याच्या योजना खर्चातला सुमारे ९ टक्के वाटा आदिवासींच्या लोकसंख्येशी बांधला गेला. म्हणजे इथे छेद राज्याचं अंदाजपत्रक आहे आणि अंश लोकसंख्येने ठरतो. तो पैसा दरवर्षी पूर्ण पोचतो असं आम्ही म्हणत नाही. पण मागायला आकडा आहे, विधानसभेत विचारायला आधार आहे. दिव्यांगांचं तसं नाही. २०११ मध्ये राज्यात त्यांची नोंद साडेएकोणतीस लाखांच्या वर होती. ३ डिसेंबर २०२२ रोजी देशातला पहिला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग महाराष्ट्राने सुरू केला. विभाग झाला, लोकसंख्येशी बांधलेला वाटा झाला नाही.

आणखी एक. विकासातला विलंब लहानपणीच ओळखावा, म्हणून केंद्राने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू केला, तो कुठे माहीत आहे? पालघरमध्ये. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यातला तालुका होता, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. अंगणवाडीत मूल तपासायचं, जिल्ह्याच्या केंद्रात उपचार करायचे, अशी रचना. मूल ओळखणं गावात, उपचार जिल्ह्याला. मोखाड्याहून पालघर म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडतो. वाचा आणि हालचालींचे उपचार एका खेपेत होत नाहीत, आठवड्याला दोनदा, वर्षानुवर्षं लागतात. त्या मोडलेल्या दिवसांची मजुरी कुठल्याही अंदाजपत्रकाच्या कुठल्याही शीर्षाखाली नाही.

मग मागायचं काय? आमच्या मते तीन गोष्टी. एक, दिव्यांगांचा वाटा आदिवासी उपयोजनेसारखा लोकसंख्येशी बांधावा. दोन, गावाचे ५ टक्के गावाच्या घरपट्टीवर न सोडता राज्याने कमी उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींत भर घालावी, रोजगार हमीत घातली तशी. तीन, हे दोन होईपर्यंत ग्रामसभेने थांबू नये. पेसाचा अबंध निधी आरोग्य आणि शिक्षणावर खर्च करता येतो. त्याला वरची परवानगी नव्हे, ग्रामसभेचा ठराव लागतो. आणि ठरावाआधी यादी लागते. आपल्या पाड्यांवर अशी मुलं किती, कोण, काय वयाची, एवढं गावाने स्वतः लिहून काढावं.

त्या दिवशी निघताना मुलगा शेळ्या घेऊन परतला. त्याने प्रत्येक शेळीला हात लावून ती आत घातली. मोजता येत नव्हतं त्याला. पण एक कमी असती तर त्याला कळलं असतं.