सावलीने काढलेली चित्रे

कंदिलासमोर हात धरून भिंतीवर ससा, हरीण नाचवण्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी कोकणच्या घरी पाहिला असेल. कंदील विझला की चित्र गेले. ही सावली धरून ठेवण्याची माणसाची धडपड मात्र फार जुनी आहे.

अर्जेंटिना देशात ‘हातांची गुहा’ आहे. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेथील लोकांनी खडकावर हात टेकवून भोवती रंग फुंकला. हात उचलला, तेव्हा त्याचा कोरा आकार मागे राहिला. जणू रंगात पडलेली सावलीच.

अठराव्या शतकात युरोपात दिव्यासमोर माणसाला बसवून त्याच्या चेहऱ्याची सावली कागदावर गिरवून घेत. तैलचित्र न परवडणाऱ्यांची ही सोय होती. १७५९ साली फ्रान्सचे अर्थमंत्री असलेले सिल्हुएत काटकसरीसाठी बदनाम झाले. त्यांचेच नाव या स्वस्त चित्रांना चिकटले. पुढे १८३४ च्या सुमारास इंग्लंडात टॅल्बट यांनी चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर पाने ठेवून तो उन्हात धरला. ऊन लागले तो भाग काळवंडला, पानाखालचा फिका राहिला. आता सावली गिरवायला माणूस लागेना.

तरीही या सर्व चित्रांत दिसे ती केवळ बाह्यरेषा. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक राँटजेन यांना नवे किरण सापडले. ते मांसातून पार जात. हाडे आणि धातू त्यांना अडवीत. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीचा हात काचेच्या फोटोपट्टीवर ठेवून त्यावर हे किरण सोडले. बोटांची हाडे आणि अंगठी यांची सावली उमटली. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

परंतु, वाचकहो, या सावलीची किंमत हातांनीच मोजली. यंत्र ठीक चालते की नाही हे पाहण्यासाठी आरंभीचे डॉक्टर व कारागीर आपलाच हात रोज किरणांत धरीत. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये ते वारले. बर्मिंगहॅमचे डॉक्टर हॉल-एडवर्ड्स यांचा डावा हात १९०८ मध्ये गेला. हॅम्बुर्ग येथे १९३६ साली अशा बळींचे स्मारक उभारले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती.

आज आपला एक्स-रे काढताना तंत्रज्ञ शिशाच्या आडोशामागे जातो. तो आडोसा या माणसांनी आपल्याला मिळवून दिला आहे.